पत्र लिहिणारा वाचक

नियतकालिकांचा इतिहास लिहिताना संपादकांची चरित्रे सांगितली जातात, मुद्रणालयांच्या हकीकती दिल्या जातात, खटले आणि दंड यांची नोंद केली जाते. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालतो, त्या वाचकाला या इतिहासात सहसा ओळीभरही जागा मिळत नाही. वर्गणीदारांच्या यादीतील एक आकडा, एवढीच त्याची ओळख उरते. त्यातही जो वाचक एखाद्या लेखणीशी वर्षानुवर्षे बांधलेला असतो, अंक हाती पडताच तो अथपासून इतिपर्यंत वाचतो आणि वाचून झाल्यावर स्वस्थ न बसता चार ओळी लिहून पाठवतो, त्याचे नेमके स्थान कोणते याचा विचार तर फारच थोडा झाला आहे. अशा वाचकाकडे काहीशा कौतुकाने आणि बऱ्याचशा उपहासाने पाहण्याची रीत आहे. संपादकाला पत्रे लिहिणे हा निवृत्तांचा विरंगुळा, असे मानले जाते. वस्तुतः एका माणसाच्या हिमतीवर चालणाऱ्या नियतकालिकाचा असा वाचक हा अर्धा संपादकच असतो, आणि हे अर्धे संपादकपद रिकामे राहिले तर उरलेल्या अर्ध्याचेही तेज फार काळ टिकत नाही.

एकहाती नियतकालिक हा वाङ्मयातील एक स्वतंत्र आणि अवघड प्रकार आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन याने मार्च १७५० ते मार्च १७५२ या दोन वर्षांत 'रॅम्ब्लर' या पत्राचे २०८ अंक काढले. दर मंगळवारी आणि शनिवारी निघणाऱ्या या पत्रातील मोजके अंक सोडले तर सारा मजकूर त्याच्या एकट्याचा होता. मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली आणि १८८२ मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी मृत्यूने गाठेपर्यंत तिचे ८४ अंक मराठी वाचकांच्या हाती दिले. व्यवसायाने शिक्षक असलेला एक तरुण दरमहा एकट्याने लिहितो आणि त्या लेखनाने एका पिढीची भाषाच नव्हे, तर स्वतःकडे पाहण्याची दृष्टीही बदलते, ही घटना लहान नव्हे. जॉन्सनचा व्यासंग केलेल्या शास्त्रीबोवांपुढे 'रॅम्ब्लर'चे उदाहरण होतेच.

परंतु अशा लेखकाची एक अडचण असते. दैनिकाच्या कचेरीत दहा सहकारी असतात. एकाचा मजकूर दुसरा वाचतो, तिसरा त्यावर नाक मुरडतो. एकट्याने लिहिणाऱ्याला ही सोय नाही. त्याने मजकूर छापखान्यात दिला, अंक टपालात पडले, की पुढे सारे निःशब्द. खपाचा आकडा अंक किती जणांनी घेतला हे सांगतो; किती जणांनी वाचला, कोठे पटला, कोठे खटकला, कोणत्या वाक्यापाशी वाचकाने मान हलवली आणि कोणत्या वाक्यापाशी अंक मिटून ठेवला, हे सांगत नाही. जॉन्सनच्या पत्राच्या प्रती ५०० देखील खपत नसत, आणि शेवटच्या अंकात आपण लोकांचे विशेष लाडके कधीच नव्हतो असे त्याने नमूद करून ठेवले. पुढे तेच निबंध ग्रंथरूपाने पुन्हापुन्हा छापले गेले. पण ते लिहिले जात होते तेव्हा लेखकाच्या खोलीत मुख्यतः शांतताच होती. ही शांतता मोडण्याचे सामर्थ्य फक्त वाचकाच्या पत्रात असते.

हे इंग्लंडातील त्याआधीच्या संपादकांनी चांगले ओळखले होते. ॲडिसन आणि स्टील यांचे 'स्पेक्टेटर' १७११ मध्ये निघाले. रोज ३,००० प्रती जातात आणि प्रत्येक प्रत २० जण वाचतात, असा ॲडिसनचा आशावादी हिशेब होता. पण तो केवळ हिशेबावर समाधान मानणारा नव्हता. १७१३ मध्ये 'गार्डियन' या पत्राच्या वेळी लंडनमधील बटन याच्या कॉफीगृहात सिंहाच्या मुखाची एक पत्रपेटी बसवण्यात आली. वाचकाने आपले पत्र सिंहाच्या जबड्यात टाकावे आणि संपादकाने ते काढून घ्यावे, अशी योजना होती. यात गंमत होती, तसाच एक सिद्धान्तही होता. नियतकालिक हे व्यासपीठावरचे भाषण नसून ती बैठक आहे, आणि बैठकीत समोरच्याने तोंड उघडले पाहिजे, असा तो सिद्धान्त. वाचकांची पत्रे पुरेशी आली नाहीत तर ती स्वतःच लिहिण्यासही हे संपादक मागेपुढे पाहत नसत. वाचकाच्या आवाजावाचून अंक अपुरा वाटतो, याची याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

मराठी मुलखात तर पत्र लिहिणाऱ्याने मूळ पत्रालाच मागे टाकल्याचे उदाहरण आहे. भाऊ महाजन यांचे 'प्रभाकर' हे साप्ताहिक मुंबईत १८४१ मध्ये सुरू झाले. १८४८ मध्ये गोपाळ हरी देशमुख या सरकारी नोकरीतील पंचविशीच्या तरुणाने त्यात 'लोकहितवादी' या नावाने पत्रे लिहिण्यास प्रारंभ केला आणि १८५० पर्यंत ती लिहिली. शतपत्रे या नावाने ओळखली जाणारी ही पत्रे प्रत्यक्षात १०८ आहेत. या तरुणाजवळ मुद्रणालय नव्हते, वर्गणीदार नव्हते, संपादकाचे आसन नव्हते. पत्रलेखकाला मिळेल तेवढी जागा, एवढेच त्याचे भांडवल. त्या जागेतून त्याने स्वसमाजाच्या आळसावर, पाठांतरालाच विद्या समजणाऱ्या पांडित्यावर, विधवांच्या वाट्याला आलेल्या जिण्यावर आणि राज्य का गेले याच्या कारणांवर असे काही लिहिले की, आज 'प्रभाकर'चे नाव निघते ते बहुधा शतपत्रांच्या निमित्तानेच. ज्याला उद्देशून पत्र लिहिले, तो संपादक मोठा मनाचा होता हेही येथे विसरून चालणार नाही. पत्रलेखकाची लेखणी आपल्याहून अधिक धारदार आहे हे दिसत असूनही त्याला अंकामागून अंक जागा देणे, ही संपादकाची खरी कसोटी असते.

या कथेला पुढचा एक धागा आहे. शतपत्रे लिहून पाव शतक उलटल्यावर 'निबंधमाले'त विष्णुशास्त्र्यांनी लोकहितवादींवर टीकेची झोड उठवली. ती टीका न्याय्य होती की नाही हा वेगळा विषय आहे. त्यावर अनेक पिढ्यांनी वाद घातला आहे आणि लोकहितवादींच्या बाजूने बोलणारेही कमी नाहीत. येथे महत्त्वाचे इतकेच की, एका साप्ताहिकाच्या पत्रव्यवहारात छापलेला मजकूर इतक्या वर्षांनंतरही खोडून काढण्याजोगा वाटावा इतका जिवंत होता. जे पत्र अंकाबरोबर रद्दीत जाते ते पत्र नव्हे, ती केवळ पोच होय.

तथापि वाचक आणि संपादक यांचे नाते केवळ मतांच्या देवघेवीचे नसते; त्यात कधीकधी एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने त्याची किंमत मोजायची, असेही असते. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. संततिनियमनाचे केंद्र त्यांनी मुंबईत १९२१ मध्ये काढले. या कार्यापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी त्यांना सोडावी लागली. पुढे १९२७ च्या जुलैमध्ये त्यांनी हे मासिक सुरू केले आणि १९५३ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ते प्रायः एकट्याने चालवले. 'शारदेची पत्रे' हे त्यातील सदरही शारदा या नावाने ते स्वतःच लिहीत. परंतु या मासिकाचे हृदय होते ते वाचकांच्या प्रश्नांत. जे घरात विचारता येत नाही, वैद्यापुढे उच्चारता येत नाही, मित्रापाशी बोलले तर हसे होते, असे शरीराविषयीचे आणि संसाराविषयीचे प्रश्न लोक कर्व्यांना कागदावर लिहून विचारीत आणि कर्वे त्यांची सरळ, कोरड्या शास्त्रीय भाषेत उत्तरे देत. ज्या काळी असे पुस्तक उघडपणे हाती धरणेही संकोचाचे होते, त्या काळी लिफाफ्यात कागद घालून तो टपालात टाकण्यास किती धैर्य लागत असेल, याची कल्पना आजच्या वाचकाने करून पाहावी.

१९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा जो खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या याच उत्तरांवरून होय. त्यापूर्वी १९३१ मध्येही एका खटल्यात त्यांना दंड झालेला होता. या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. 'मूकनायक' १९२० मध्ये आणि 'बहिष्कृत भारत' १९२७ मध्ये काढणाऱ्या बाबासाहेबांना, ज्यांच्या प्रश्नांना कोठेच थारा नाही अशा माणसांना नियतकालिकाचा केवढा आधार असतो, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच, ही समजूत चुकीची आहे, असा बचावाचा रोख होता. तो न्यायालयाला पटला नाही. खटला हरला गेला आणि कर्व्यांना दंड भरावा लागला. पण त्यानंतरही 'समाजस्वास्थ्य' चालूच राहिले. कर्व्यांचे १९५३ च्या ऑक्टोबरात निधन झाले, तोवर त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. ज्या वाचकाने नाव न सांगता प्रश्न विचारला, त्याच्यासाठी संपादक न्यायालयाची पायरी चढला. वाचकाच्या पत्राला केवढे वजन असू शकते हे यावरून कळावे.

नात्याची दुसरी बाजू वर्गणीची आहे, आणि ती उघडपणे बोलण्यात कमीपणा नाही. अमेरिकेत १९५३ च्या जानेवारीत आय. एफ. स्टोन या पत्रकाराने आपल्या नावाचे चार पानी साप्ताहिक काढले. तो काळ सेनेटर मॅकार्थी यांच्या दहशतीचा होता. स्टोन ज्या दैनिकात लिहीत असे ते नुकतेच बंद पडले होते आणि डाव्या विचारांच्या या माणसाला दुसरे कोणी जवळ करण्यास तयार नव्हते. त्याच्या पाठीशी उभे राहिले ते त्याचे जुने वाचक. वार्षिक पाच डॉलर वर्गणी भरणाऱ्या सुमारे ५,३०० वर्गणीदारांवर ते साप्ताहिक सुरू झाले. जाहिरातदारांचे मिंधेपण नाही, मालकाची मर्जी नाही. सरकारी कागदपत्रे बारकाईने वाचावी आणि त्यातील विसंगती सरकारपुढेच मांडावी, हा त्याचा शिरस्ता. १९६४ च्या टोंकिन आखात प्रकरणी अमेरिकी सरकारने सांगितलेल्या हकीकतीवर ज्या थोड्यांनी वेळीच शंका घेतली त्यांत स्टोन होता. १९७१ च्या अखेरीस साप्ताहिक बंद झाले तेव्हा वर्गणीदार ७०,००० च्या घरात गेले होते. लेखकाचे स्वातंत्र्य हे राज्यघटनेच्या कलमात लिहिलेले असते हे खरे. पण ते दरमहा कागदाचे आणि छपाईचे बिल भागवण्याइतके प्रत्यक्षात आणतो तो वर्गणीदार. 'आपला अंक अप्रतिम असतो' असे लांबलचक पत्र लिहावे आणि मागील दोन वर्षांची वर्गणी थकवावी, ही चाल मराठी वाचकाला सर्वस्वी अपरिचित आहे असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

मग दीर्घकाळच्या वाचकाने करावे तरी काय? त्याच्यापाशी नव्या वाचकाजवळ नसलेली एक वस्तू असते, ती म्हणजे स्मरण. संपादकाने सात वर्षांपूर्वी काय म्हटले होते हे कित्येकदा संपादकाच्या ध्यानात नसते; वाचकाच्या मात्र असते. तेव्हा आणि आता यांत फरक पडला असेल तर तो का पडला, असे शांतपणे विचारण्याचा अधिकार ज्याने ते दोन्ही लेख वाचले त्यालाच आहे. दुसरे, त्याच्यापाशी त्याच्या जागेचे ज्ञान असते. पुण्यामुंबईत बसून शिक्षणावर लिहिणाऱ्याला तालुक्याच्या शाळेत एका शिक्षकावर किती वर्ग पडतात हे त्या शिक्षकाच्या पत्रावरूनच कळते. नव्या नियमाची अंमलबजावणी कोणत्या टेबलावर अडते हे कारकुनाइतके कोणालाच ठाऊक नसते. आणि अभ्यासक्रमाची थोरवी गाणाऱ्याला तो अभ्यासक्रम पोहोचतो कितपत हे विद्यार्थीच सांगू शकतो. अशा माहितीचे चार ओळींचे पत्र पानभर स्तुतीपेक्षा मोलाचे असते.

याउलट दीर्घ परिचयाचे काही दोषही आहेत. वर्षानुवर्षांच्या सहवासाने वाचकाला लेखणीविषयी ममत्व वाटू लागते आणि ममत्वाची परिणती हळूहळू भाटगिरीत होते. संपादकाने काहीही लिहिले तरी 'वा!' म्हणणारी दहा-वीस पत्रे ठरलेली येऊ लागली, की तो त्या टाळ्यांच्या तालावर लिहू लागतो आणि पाहता पाहता स्वतःचीच नक्कल करू लागतो. त्यातून पुढे वाचकांचे कोंडाळे तयार होते. नव्या माणसाने तक्रारीचा सूर काढला की संपादकाच्या आधी हे कोंडाळेच त्याच्यावर तुटून पडते. निष्ठेचे हे रूप नियतकालिकाला विरोधकांच्या टीकेहून घातक ठरते. तिसरा दोष आत्मप्रदर्शनाचा. काही पत्रलेखकांना विषयाशी कर्तव्य नसते; आपले नाव आणि गाव छापून यावे, एवढ्यासाठीच ते लेखणी उचलतात. अशी पत्रे ओळखण्याची खूण सोपी आहे. त्यातील विषय बदलला तरी वाक्ये बदलत नाहीत.

खरी निष्ठा ती, जी न पटलेले सांगते आणि सांगूनही अंक घेणे थांबवत नाही. एका लेखाने रागावून वर्गणी बंद करणे सोपे आहे. मुकाट्याने गिळून पुढचा अंक उघडणे तर त्याहूनही सोपे आहे. या दोहोंच्या मधली वाट, म्हणजे आपले म्हणणे कारणांसह लिहून पाठवणे आणि उत्तराची वाट पाहणे, ही थोड्यांनाच साधते. असे पत्र मुद्द्याचे असावे, आटोपशीर असावे आणि लेखाच्या मथळ्यावर नव्हे, तर लेखावर लिहिलेले असावे. ते शक्यतो स्वतःच्या नावाने असावे. निनावी पत्राच्या आडून चिखलफेक करणे हे भेकडपणाचे लक्षण आहे. परंतु हा नियम सरसकट लावता येणार नाही. लोकहितवादी सरकारी नोकरीत होते आणि त्यांनी टोपणनाव घेतले. कर्व्यांना प्रश्न विचारणाऱ्यांना तर स्वतःचे नाव झाकणे भागच होते. पाहायचे ते इतकेच की, नाव दडवून माणूस दुसऱ्याला दुखवू पाहतो आहे की स्वतःचे दुखणे सांगू पाहतो आहे.

संपादकाच्या बाजूनेही काही कर्तव्ये येतात. वाचकांच्या पत्रांची जागा ही जाहिरात न मिळाल्यामुळे रिकाम्या राहिलेल्या रकान्याची भरती नव्हे. अनुकूल पत्रे ठळक टायपात आणि प्रतिकूल पत्रे कात्री लावून, हा दुजाभाव वाचकाच्या ध्यानात येण्यास फार दिवस लागत नाहीत. चुकीची दुरुस्ती सुचवणारे पत्र तर सर्वांआधी छापले पाहिजे. छापण्याजोगे नसेल त्यालाही दोन ओळींचे उलट टपाली उत्तर पाठवणे हे एकेकाळी संपादकीय शिष्टाचारात मोडत असे. त्या दोन ओळी जपून ठेवणारी माणसे महाराष्ट्रातल्या गावोगाव होती, आणि त्यांतली काही पुढे लिहिती झाली.

हिंदुस्थानात पोस्टकार्ड १८७९ मध्ये आले, पाव आण्याला. पुण्यात 'केसरी' निघाला १८८१ च्या जानेवारीत. स्वस्त कार्ड आणि स्वस्त वृत्तपत्र हे जवळजवळ जुळे भाऊ म्हणावेत. आज दोन्ही भावांचे दिवस पूर्वीचे राहिलेले नाहीत. प्रतिसाद देणे मात्र कधी नव्हे इतके सोपे झाले आहे. हातातल्या फोनवर अंगठ्याचे चित्र दाबले की झाली पसंती व्यक्त. ज्याला अक्षरओळख नाही तो एकेकाळी कागदावर अंगठा उठवीत असे. आता लिहिता-वाचता येणारा, पदवी घेतलेला माणूसही अंगठाच उठवतो, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल. अंगठ्यात राग मावतो, लोभ मावतो. कारण मात्र मावत नाही. आणि कारणावाचून मिळालेली पसंती काय किंवा नापसंती काय, लेखकाला ती खपाच्या आकड्याइतकीच मुकी असते. साधन नवे असो की जुने, प्रश्न कागदाचा किंवा काचेचा नाही. वाचल्यानंतर थांबून, विचार करून, पूर्ण वाक्यात उत्तर देण्याच्या सवयीचा आहे.

ही सवय मोडली तर जाईल काय, हे स्पष्टपणे पाहिलेले बरे. लिहिणारे राहतीलच, लिहिण्याची हौस कधी आटत नाही. परंतु त्यांना थांबवून 'हे कशावरून?' असे विचारणारा उरणार नाही. एकट्याने लिहिणारा माणूस जितका समर्थ, तितका त्याला असा विचारणारा हवा असतो. कारण त्याच्या भोवती वरिष्ठ नाही, सहकारी नाही, केवळ वाचक आहे. पत्र लिहिणारा वाचक नाहीसा झाला तर लेखक आणि वाचक दोघेही एकटे पडतील. एक बोलत राहील, दुसरा ऐकत राहील, आणि या व्यवहाराला विचारविनिमय म्हणण्याची केवळ रीत शिल्लक राहील.

एकहाती नियतकालिके बहुधा आपल्या धन्याबरोबरच संपतात. 'निबंधमाला' विष्णुशास्त्र्यांबरोबर संपली, 'समाजस्वास्थ्य' कर्व्यांबरोबर. मागे राहतो तो वाचक. कपाटात वर्षवार बांधून ठेवलेले अंक, हळदीच्या रंगाकडे झुकलेली पाने आणि कोठेतरी समासात पेन्सिलीने केलेली खूण, एवढी त्याची इस्टेट असते. अशा खासगी कपाटांनी जपले म्हणूनच कित्येक अंक ग्रंथालयांपर्यंत पोहोचले आहेत. तेव्हा ज्या शिक्षकाला, कारकुनाला वा विद्यार्थ्याला आपली एखादी आवडती लेखणी आहे, त्याने ती हयात आहे तोवरच तिला उत्तर द्यावे. श्रद्धांजलीचे पत्र कितीही सुंदर असले तरी ते पोहोचण्याचा पत्ता नसतो.